पावती नव्हती म्हणून

सलवा, कुवेत
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय तारा,

तुझा निबंध दोनदा वाचला. फोनवर त्याबद्दल बोलायला घेतलं तर तू म्हणालीस, "आई, यू आर ओव्हरथिंकिंग," आणि मी लगेच थंडी कितपत पडली आहे त्यावर आले. म्हणून हे हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने जे प्रदेश दुसऱ्या देशांच्या कारभाराखाली दिले, तिथे परक्या नागरिकांना कोणते हक्क होते, हे तू छान उलगडलं आहेस. एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. तिथे राहणाऱ्याला जिनिव्हाला, राष्ट्रसंघाकडे, अर्ज करता येई, पण तो अर्ज पुढे जायचा त्याच सरकारच्या हातून, ज्याच्याविरुद्ध तो केलेला असे. तू खाली विचारलं आहेस, "आई, तुला तिथे कोणते हक्क आहेत? पाच ओळींत लिही." कुवेत काही त्या प्रदेशांपैकी नव्हता, आणि इथे कायदा आहे, तक्रार घेणारं कार्यालयही आहे. तरीही माझ्या पाच ओळी काही होईनात. बावीस वर्षं इथे राहून मी हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वेळेवर नवा झाला की माझे हक्क शाबूत, इतकीच माझी समजूत.

तुला आमच्या लॅबमधली हुस्ना आठवत नसेल; ती आली तेव्हाच तू पुण्याला गेलीस. दाभोळची मुलगी, रक्त काढण्यात हात इतका हलका की लहान मुलं तिच्याकडूनच सुई टोचून घेतात. मला ताई म्हणते. डब्यात कुळथाची पिठी आणते आणि मी अर्धी संपवली की म्हणते, "पुण्याची मानसा लाजत लाजत सगला खातात." तिला रुमैथियातल्या एका दवाखान्यात चांगली जागा मिळाली. नोकरी बदलण्यासाठी तिने रीतसर अर्ज दिला, तेव्हा आमच्या मालकाने अडवलं. तिने पासपोर्ट मागितला. चार दिवसांनी कळलं की ती कामावरून पळाली आहे अशी नोंद तिच्या नावावर झाली आहे, दोन नोव्हेंबरपासून गैरहजर. तारा, सहा नोव्हेंबरला ती माझ्या शेजारी बसून नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. ही नोंद पुसली गेली नाही तर तिचा अकामा जाईल, तिला परत पाठवतील, आणि पुन्हा इथे येता येणार नाही. सध्या ती सबाह अल-सालेमला मामीकडे आहे. दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत जाते.

हुस्नाने मजूर कार्यालयात तक्रार केली. तिथे आमचा मंदूब आतिफ, दवाखान्याची सगळी सरकारी कागदपत्रं करणारा तो, उभा राहून म्हणाला की पासपोर्ट आम्ही कधी घेतलाच नाही, तो तिच्याचकडे होता, म्हणून तर पळू शकली.

आता माझा भाग. तो पासपोर्ट मी घेतला होता. नवीन मुली आल्या की आतिफ मला हाक मारायचा, "सिस्टर, तुमची माणसं आहेत, तुमचं ऐकतात." मी त्यांना चहा द्यायची, अरबी कागद पुढे करायची आणि सांगायची की तिजोरीत सुरक्षित राहतो गं, हरवायची भीती नाही, इथे कर खाली सही. त्या कागदावर लिहिलेलं असायचं की मी स्वखुशीने पासपोर्ट देत आहे. मालकाने पासपोर्ट ठेवणं इथल्या नियमातही बसत नाही, हे मला ठाऊक होतं. माझा स्वतःचाही तिजोरीतच होता, आणि मला कधी त्रास झाला नाही, म्हणून त्यांनाही होणार नाही असं मी ठरवून टाकलं. अकरा वर्षांत किती मुलींना मी असं सांगितलं, ते मोजायला बसले आणि नावं आठवेनात तेव्हा उठले.

गेल्या शुक्रवारी हुस्नाला भेटायला गेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्यासाठी चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुमी घेतलाव म्हनून मी दिला. त्या आतिफला नसता दिला." घरी आले तरी ते वाक्य चपलेत अडकलेल्या खड्यासारखं टोचत होतं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तू काय कुवेतची वकील आहेस? तुझा अकामा त्याच मालकाच्या हातात आहे. माझी नोकरी गेली तेव्हा कोण आलं होतं साक्षीला?" त्यांचं चुकत नाही. कोणी आलं नव्हतं. तेव्हा मीच त्यांना म्हणाले होते, जाऊ दे, वाद नको. उद्या मलाही कामावरून काढलं तर तुझ्या कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांच्या फीचं काय, हा विचार मी केलेला नाही असं समजू नकोस. रोज करते. पण मग माझ्या डोळ्यांपुढे तुझं ते वाक्य येतं. हुस्नाचा अर्ज ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातून जायचा नसेल, तर मधे कुणीतरी दुसरा हात असायला हवा. पासपोर्ट घेताना तो माझा होता, तर आताही माझाच असू दे. मंगळवारी सुनावणी आहे. मी साक्षीला जाणार आहे. हे विचारत नाही, सांगते आहे.

साक्षीसाठी नाव द्यायला गेले तेव्हा मजूर कार्यालयातल्या तपास करणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या शब्दाला पुरावा काय? आणि मला आठवलं. आतिफ कधीच पावती देत नसे. पावती नव्हती म्हणून मी प्रत्येक मुलीचा पासपोर्ट क्रमांक माझ्या रोजच्या डायरीत त्या दिवशीच्या पानावर उतरवून ठेवायची. चांगुलपणा म्हणून नव्हे. काही हरवलं तर माझ्यावर येऊ नये म्हणून. माझ्या भित्रेपणाचा हा एवढा एक उपयोग. बाई म्हणाल्या, मूळ वही आणा, फोटो नको. मराठीचं भाषांतर अधिकृत माणसाकडून करून घेऊ.

संपलेली वही मी दर वर्षी सुट्टीत पुण्याला आणून ठेवते, हे तुला माहीत आहे. २०२३ची निळी वही माझ्या कपाटात वरच्या खणात, शालीखाली आहे. रविवारी नचिकेत, आमचे एक्स-रेवाले, सुट्टी संपवून इकडे यायला निघतात. दुपारी हडपसरहून घरी येतील, त्यांच्या हातात दे. देण्याआधी २३ ऑगस्टचं पान उघडून हुस्नाचं नाव आणि क्रमांक आहे ना, तेवढं बघ.

आणि हे पत्र खरं तर त्या पानासाठी आहे. २३ ऑगस्ट म्हणजे मी सकाळी तुला आणि बाबांना विमानतळावर सोडून तशीच ड्युटीवर गेले तो दिवस. क्रमांकाच्या वर मी लिहिलं आहे की घर रिकामं झालं आणि मला हलकं वाटलं; की अठरा वर्षांनी पहिल्यांदा कुणासाठी डबा करायचा नाही, आणि ती दोघं परत आली नाहीत तरी चालेल असं क्षणभर वाटलं. ते खरं होतं, तारा. त्याच आठवड्यात तुझ्या उशीचा अभ्रा मी धुवायला टाकला नाही, हेही खरं आहे, पण ते लिहिलेलं नाही. मंगळवारी ते पान परकी माणसं वाचतील. त्याआधी तू माझ्याकडूनच ऐकावंस. राग आला तर येऊ दे, नंतर सविस्तर भांडू. फक्त पान फाडू नकोस आणि ती ओळ खोडू नकोस. खाडाखोड केलेली वही इथे चालणार नाही, आणि मलाही आता चालणार नाही.

वही नचिकेतांच्या हातात पडली की एवढंच कळव: दिली.

जशी आहे तशी, तुझीच
आई