अदिती आज काय बोलली

१६ जून, सोमवार

आजही काहीच नाही! शाळेची बस गेटवर आली, नात अदिती उतरली. मी विचारलं — काय केलं आज? "काही नाही." डबा कुणाबरोबर खाल्ला? "काही नाही." हे काय उत्तर झालं? पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच परत. कुणी मारतं का पोरीला? धाक घालतं का? पुण्यात हिचं तोंड मिटत नव्हतं. इकडे तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरला आलो आणि गप्पच झाली.

मुलगा उपेंद्र म्हणतो, "बाबा, वकिलासारखं उलटसुलट विचारू नका हो." सातवी नापास माणूस मी, कुठला वकील!

१७ जून

विचारलं नाही. सूनबाई अर्चना म्हणाली, "आज आजोबा-नातीची कट्टी का?"

१९ जून, गुरुवार

माझीच फजिती! औषधं आणायला बसने निघालो. खिडकीशी जागा दिसली, बसलो. एक आजीबाई आल्या आणि तमिळमध्ये तोंडाचा पट्टा सुरू! वाटलं, जागा हवी असेल. सरकलो, बाकावर थोपटलं — या, बसा! अख्खी बस हसली. कंडक्टरनं खुणेनं समजावलं, डावीकडची बाकं बायकांची.

संध्याकाळी शेवग्याचा पाला निवडताना अर्चनाला हे सांगत होतो. अदिती हात थांबवून ऐकत होती. "मग तुम्ही रडलात?"

"नाही गं. पण पाय लटपटले."

"माझेपण लटपटतात."

कधी, का — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं! पाला खुडत राहिलो. मग आपणच म्हणाली, "वर्गात शू लागली की. मिसना कसं सांगायचं ते येत नाही. म्हणून मी पाणीच पीत नाही."

एवढंच! आणि लेकरानं केवढं सोसलं.

"करंगळी वर करायची," मी म्हणालो. "आम्ही शाळेत तेच करायचो."

२० जून

दिवसभर जिवाला घोर. इकडे करंगळीचा भलताच अर्थ असला तर? शेवटी गेटवरच्या रखवालदार मुरलीला करंगळी दाखवून पाहिली. त्यानं हसत मागचा संडास दाखवला. हुश्श!

अदिती बसच्या पायरीवरूनच ओरडली, "आजोबा, चाललं! मिस 'जा' म्हणाल्या!"

२३ जून, सोमवार

आता थांबतच नाही! शरण्या नावाची मैत्रीण, तिचा चिंचेचा भात, तिचा पडलेला दात. रोज मी माझी एक फजिती सांगतो, मग ती तिची. माझ्या संपायच्या नाहीत.

अर्चना म्हणते, "बाबा, हिला बंद करायचं बटण कुठाय?"

२४ जून

आज मी तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "आजोबा, आजी गावाला नाहीये ना?"

माझी इंदू, तिची आजी, होळीच्या सुमारास वारली. पोरीला धक्का नको म्हणून आम्हीच तिला गावाचं सांगितलं होतं.

मी चष्मा काढून पुसत बसलो. ती जवळ सरकून बसली. म्हणाली, "सावकाश सांगा."