बोक्याची जिरवायला कुलूपबंद मेल

४ मार्च
बोक्याची बातमी पुन्हा पहिल्या पानावर. माझी अकराव्यावर, टायरच्या जाहिरातीखाली. बोका म्हणजे शेजारच्या टेबलावरचा वार्ताहर. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. संपादक म्हणाले, त्याच्याकडून काहीतरी शिका. शिकतो ना! अशी जिरवतो की जन्माची अद्दल घडेल.

७ मार्च
देव पावला! मोठ्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टरचा फोन. तिथे मुदत संपलेल्या इंजेक्शनांवर नवी लेबलं चिकटवतात म्हणे. तिच्याकडे फोटो आहेत. अट एकच, तिचं नाव फुटता कामा नये. घरात कमावणारी ती एकटीच. म्हटलं, ताई, निर्धास्त राहा.
बोक्या, भरले तुझे दिवस.

८ मार्च
संकल्प : ई-मेल एन्क्रिप्शन शिकणे. मजकुराला असं कुलूप, की ज्याच्याकडे किल्ली त्यालाच वाचता येईल. बोका म्हणाला, मला येतं, दाखवू का? नको म्हटलं. शत्रूकडून शिकायला मी काय दूधखुळा आहे?

११ मार्च
आलं! सूचना बऱ्याच होत्या, निम्म्या वाचल्या. बाकी नुसतं पाल्हाळ. सिस्टरलाही फोनवर सांगून किल्ली बनवून घेतली. माझा पासवर्ड : बोक्यातुझीजिरली. टाइप करतानाच गार वाटतं.

१२ मार्च, दुपार
पहिली मेल गेली. बायको म्हणाली, अहो, हॉस्पिटलच्याच पत्त्यावर कशाला? तिला काय समजावणार! एकदा कुलूप लावलं की रस्ता कुठला का असेना. विषयाच्या ओळीत मात्र ठसठशीत लिहिलं : 'मुदत संपलेल्या इंजेक्शनांचे फोटो कधी देताय?' गर्दीत मेल नजरेतून सुटायला नको.

१५ मार्च
उत्तर नाही. कामात असेल. बोक्याकडे बघून दोनदा गूढ हसलो. त्याने विचारलं, पोट बिघडलंय का?

१६ मार्च
सिस्टरचा फोन. नोकरी गेली. कुलूप फक्त आतल्या मजकुराला लागतं, विषयाची ओळ उघडीच जाते म्हणे. ती हॉस्पिटलच्या सगळ्या ऑफिसने वाचली. मी विचारलं, पण ताई, आतलं एक अक्षर तरी कुणाला कळलं का? तिने फोन आपटला. चांगुलपणाचा जमानाच राहिला नाही.

१९ मार्च
पहिलं पान. सिस्टरचा फोटो, पूर्ण नावासकट. म्हणते, आता लपवायला राहिलंय काय? बातमी बोक्याची.
खाली संपादकांची चौकट : आमच्याच एका वार्ताहराच्या बेफिकिरीने या बाईंची नोकरी गेली. माझं नाव नाही. बोक्याने संपादकांशी भांडून ते काढायला लावलं. म्हणाला, त्याच्याही घरी माणसं आहेत.
हा अपमान मी जन्मात विसरणार नाही.