भिंतीच्या कडेवरून गेलेला दोरा

बाबा, तुमच्या खेळाच्या खोक्यात परदेशातून आलेलं एक पाकीट सापडलं. चार दिवस झाले, मी अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही.

भोईवाड्याची आपली चाळ आता पाडणार आहेत. आईला चिंचपोकळीला माझ्याकडे आणलंय आणि खोली मीच रिकामी करत होते. पोटमाळ्यावर ते खोकं होतं, तुमच्या बोटीवरच्या मित्राने आणून दिलेलं. षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या तोफा आणि रणगाडे, दोन फासे, आणि बारीक इंग्रजीतलं नियमांचं जाडजूड पुस्तक. रविवारी जेवणं झाली की आपण दोघं चटईवर डाव मांडायचो. कोर्टात कारकुनी करणारा माणूस तुम्ही. नियम मोठ्याने वाचायचात, अडलेल्या शब्दाचा अर्थ मला विचारायचात, मगच सोंगटी हलायची. मला वकील व्हायचंय हे मी तोवर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.

त्या रविवारी मी दहावीत आहे. माझी तोफ टेकडीवर, तुमचा शेवटचा रणगाडा गावात, मध्ये एक भिंत. तोफेला रणगाडा दिसतो का, हे बघायला तुम्ही आईच्या रिळाचा दोरा दोन्हींमध्ये ताणून धरता. दोरा भिंतीच्या बरोबर कडेवरून जातो. पुस्तकात एवढंच लिहिलंय की रेषा भिंतीमधून गेली तर समोरचं दिसत नाही. मी म्हणते, कडेवरून म्हणजे मधून नव्हे. तुम्ही म्हणता, भिंतीला शिवली की अडली. मी पानं उलटून आणखी तीन वाक्यं काढते, जिथे हे दोन शब्द वेगवेगळे वापरलेत. तेव्हा तुम्ही पुस्तक मिटलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "तुझं वाचन उथळ आहे. तुला हवं तेवढंच वाचतेस. असल्या वाचनावर वकिली होत नाही."

मी पुन्हा त्या चटईवर बसले नाही. बी.कॉम. करून विम्याच्या कचेरीत लागले. आजही एखादं पत्र बाहेर जायचं असलं, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आधी वाचायला देते. माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असणार, असंच वाटत राहतं.

पाकिटात खेळ बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर होतं आणि तुम्ही पाठवलेल्या पत्राची कार्बन कॉपी. तुमचं अक्षर लगेच ओळखलं. माझं म्हणणं तुम्ही एक शब्दही न गाळता मांडलं होतंत, मी मांडलं त्याहून नीट. उत्तर दोन ओळींचं: रेषा कडेवरून गेली तर अडत नाही, तुमच्या मुलीचं वाचन बरोबर आहे. तारीख त्या भांडणानंतर पाच महिन्यांची. मी शिडीच्या पायरीवरच बसले. कोर्टातला कोरा कागदही घरी न आणणारा माणूस हे पत्र लपवून ठेवतो? आणि त्यानंतर आठ वर्षं, अगदी जाईपर्यंत, माझ्यासमोर बसून जेवतो?

घरी येऊन आईला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. तिला माहीत होतं. पत्र आलं त्या दिवशी तुम्ही तिला वाचून दाखवलं होतंत म्हणे, आणि रोज तिला सांगायचात की उद्या पोरीला सांगतो.

"मग सांगितलं का नाही?"

"लाजले गं," ती म्हणाली. "मग तू नोकरीला लागलीस. म्हणाले, आता सांगितलं तर तिला जास्त लागेल."

मी तिच्यावर ओरडले. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं. रागापेक्षा वेगळंच काहीतरी होतं ते. लाजलेले तुम्ही मला कधी दिसलाच नव्हतात.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. बी.कॉम.नंतर लॉ कॉलेजचा फॉर्म मी स्वतः आणला होता. तुम्ही तो पाहिलात आणि सहीसाठी पेन काढलंत. इंग्रजीतून उभं राहून बोलावं लागेल या भीतीने मी तो भरलाच नाही. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला आजवर हेच सांगत आले, की बाबांनी नको म्हटलं.