कात्रीकडून वेलांटीला

गुरुवार, १२ फेब्रुवारी
दुपारची सुट्टी

प्रिय वेलांटी,

सप्रेम नमस्कार. मी इकडे मजेत, तू तिकडे रागात. राग लगेच उतरावा अशी माझी घाई नाही, पण फाडण्याआधी हे पत्र निदान वाच. कुरिअरवाला म्हणतो, उद्या पोचेल.

फोन सोडून कागदावर आले म्हणून हसू नकोस. फोनवर तू उत्तर देत नाहीस, आणि देतेस ते पुसून टाकतेस. आपल्या गप्पांच्या जागी 'हा मेसेज काढून टाकला आहे' अशी रांगच्या रांग उभी आहे. कागदावर ती सोय नाही. शिवाय माझं अक्षर तू कधी पाहिलेलं नाहीस, इतकी वर्षं नुसती टाइप केलेली कात्री पाहिलीस. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मात्र पूर्ण मुभा आहे.

आधी बातम्या. परवा मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, असं मालकीणबाईंना सांगितलं. तुला खरं सांगते, तिसऱ्यांदा. कापड दुहेरी घालायचं, तर मी एकेरी अंथरलं आणि बाहीचा कागद न उलटता तसाच दोनदा ठेवला. डोकं ठिकाणावर नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक काय दोन्ही हातांनी डावं आहे का?" मी म्हटलं, "विचारून बघते." त्या हसल्या नाहीत. तू हसली असतीस, आणि वर 'म्हणजे गिऱ्हाइकाला डावललं' असं काहीतरी लिहून दिवसभर स्वतःवर खूश राहिली असतीस.

खालच्या मजल्यावरच्या माणसाचं गाणं शिकणं अजून चालू आहे. आता वरचा सूर लागतो, पण उतरताना पायरी चुकते आणि तो थेट तळाला पोचतो.

आमच्याकडे काज-बटणाला नवीन बाई आल्या आहेत. भोचक आहेत, म्हणून मला आवडल्या. जेवताना विचारतात, "तुम्ही सारखा विषय काढता त्या वेलांटीबाई नात्यातल्या का?" मी म्हटलं, "नाही हो, शब्दकोड्यातल्या." मग अख्खी कथा सांगावी लागली. इंटरनेटवरच्या त्या कोड्याखाली मी लिहिलं होतं, 'आडव्या सातचं उत्तर माझंच बरोबर, माझी पक्की कात्री आहे.' 'खात्री' लिहायचं होतं, बोट घसरलं. आणि कुठलीशी बाई, जिला पुस्तकं छापण्याआधी त्यांतल्या चुका काढायचा पगार मिळतो आणि तरी हौस फिटत नाही, खाली येऊन म्हणाली, 'कात्री असेल तर कापून दाखवा.' मी लिहिलं, 'कापतेच, पोटासाठी. शिवणाच्या वर्कशॉपमध्ये. तुम्ही काय करता?' 'लोकांच्या वेलांट्या सरळ करते.' झालं. तेव्हापासून तू वेलांटी आणि मी कात्री. आडव्या सातचं उत्तर माझं चुकलं होतं, हे मी बाईंना सांगितलं नाही.

आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, हे मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मैत्रीण कसली?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आता छत्रीचं ऐक. तुला ठाऊक नाही, पण आमच्या वर्कशॉपमध्ये हल्ली चहाला कुणी चहा म्हणत नाही. मागे तू बरेच दिवस गायब होतीस आणि परत आलीस तेव्हा पहिलं वाक्य लिहिलंस, 'कात्री, छत्री घेतलीस का?' बाहेर लख्ख ऊन. पण दुपारच्या सुट्टीत तू दुसरं काय विचारणार? मी लिहिलं, 'आत्ताच घेतली, साखर जरा जास्त होती.' तेव्हापासून इस्त्रीवाले काकासुद्धा ओरडतात, "कुणी छत्री टाका रे."

मग एकदा तू कळवलंस की तुझी साबण फार गुणी आहे, हाताला धरून फिरायला नेते, वेळेवर औषध देते. मी विचारलं, 'फेस फार करत नाही ना?' बराच वेळ काही नाही. मग तुझं उत्तर आलं, 'करते, पण माझ्या भल्यासाठी.' कापायच्या टेबलावर डोकं टेकून हसले मी. हे तुझ्या सुनेला कधी सांगू नकोस.

बरं. किती फिरवून आणलं तरी मुद्द्यावर यावंच लागणार.

तुझा मंगळवारचा मेसेज. तो एकच तू पुसला नाहीस. 'तुला सगळं माहीत आहे. तू मला सांभाळून घेतेस. चुका काढून पोट भरलेल्या बाईला हे नको. मी गट सोडते आणि तुलाही सोडते.' आणि खरंच निघून गेलीस, ज्या शब्दकोड्यांच्या गटात रविवारचं कोडं आजवर तूच घालत आलीस तिथून.

हो, मला माहीत आहे. तू गायब होतीस तेव्हा तुझ्या मुलाने तुझ्याच फोनवरून मला लिहिलं होतं. 'मावशी' म्हणून सुरुवात केली होती. आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, जीव वाचला, हातपाय धड आहेत, पण हवा तो शब्द सापडत नाही, भलताच हाती येतो. तुम्हाला कळलंय असं तिला दाखवू नका, ती फार लाजते, म्हणाला. मी दाखवलं नाही. पत्ताही काल त्यानेच दिला. त्याला बोलू नकोस, काय बोलायचं ते मला बोल.

पण सांभाळून घेतलं म्हणतेस, ते साफ खोटं. सांभाळून घ्यायचं असतं तर मनातल्या मनात छत्रीचा चहा करून गप्प बसले असते. मी तर अख्ख्या वर्कशॉपला छत्री पाजली. पहिल्या दिवशी माझा शब्द चुकला आणि तू त्यावर खेळलीस. आता तुझे चुकतात आणि मी खेळते. यात दया कुठून आली, मला दाखव.

आणि तो मेसेज स्वतः एकदा वाच. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रडले. दुसऱ्यांदा वाचला आणि बाह्या बिघडवल्या. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात एकही शब्द चुकलेला नाही. 'सांभाळून'वरचा अनुस्वारसुद्धा जागेवर. मुलगा सांगत होता, माझ्या एका ओळीला उत्तर द्यायला तू सकाळी बसतेस ती दुपार करतेस. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी पुरे म्हटलं तरी उठत नाहीस. मग हे एवढं लिहायला किती बसली असशील. मला सोडण्यासाठी इतकी मेहनत आजवर कुणी घेतली नव्हती.

माझी छाती फुगली, वेलांटी. मी तो मेसेज काज-बटणवाल्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अहो, यात त्या तुम्हाला हाकलतायत." मी म्हटलं, "ते जाऊ द्या, मराठी बघा." इस्त्रीवाल्या काकांना ऐकवला. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचे हात वर होते, ते कुठे पळणार, त्यालाही ऐकवला. ही माझी मैत्रीण, म्हटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी नीट केल्या, आता एकेक शब्द शोधून स्वतःची ओळ लावते आहे, आणि भांडते तर कशी ठणठणीत भांडते. मला तुझा फार अभिमान वाटतो. असं सरळ लिहायची आपल्याला सवय नाही, म्हणून कागद लागला.

तेव्हा सोडण्याबिडण्याचं रद्द कर. रविवारचं कोडं मला घालता येत नाही, ते तूच घाल. त्यात भलता शब्द पडला तर लोक दिवसभर डोकं खाजवतील. गटात येतात ते त्यासाठीच.

आणि या रविवारी मी येते आहे. मुलाला विचारलं, सुनेला विचारलं, तुला विचारत नाही.

मलाही धाकधूक आहे. समोरासमोर आपल्याला बोलावं लागणार, पुसायची सोय नसणार, आणि मी टाइप करते तितकी काही हजरजबाबी नाही. तुझं मला कळलं आहे. माणसांची नावं तुला सगळ्यात जड जातात. शेजारणीला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारलीस, ती कसंनुसं हसली, आणि तेव्हापासून बेल वाजली की तू आतल्या खोलीत जातेस. रविवारी जाऊ नकोस. दार तूच उघड. तोंडाला जे नाव येईल ते घे. खुर्ची म्हण, बादली म्हण. मी ओ देईन.

तुझीच,
तू म्हणशील ती