अकरा प्रस्ताव आणि टाळ्या

वाईनिदाली वस्ती, ४ मार्च २०१९

ती. अपेनिसादादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

शनिवारी शहरपालिकेची माणसं आली होती. आपल्या भागाचा तीस वर्षांचा विकास आराखडा करतायत म्हणे. तीन वर्षांत ज्यांना एक नळ दुरुस्त करता आला नाही, ते २०५० सालचं बघणार! येताना रीतीप्रमाणे यांगोनाच्या मुळ्या आणल्या, तेवढं कुणीतरी शिकवलं होतं. गावप्रमुख नेमानीकाकांनी त्या स्वीकारल्या, कुटून काठवटीत पाण्यात कालवल्या. सिडनीहून आणलेला एक सल्लागार एकेक प्रस्ताव सांगे, मग प्यायला करवंटी फिरे, आणि तो वहीत काहीतरी टिपून घेई. खाडीकाठी आपली चोवीस घरं आहेत ना, तिथे त्यांनी दाखवलेल्या चित्रात नुसतं गवत. घरं कुठं गेली, असं मी विचारलं, तर म्हणे ही फक्त संकल्पना आहे. संकल्पनेत आपण नाही, एवढं मला कळलं.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी उनाईसी


ऑकलंड, १९ मार्च २०१९

चि. उनाईसीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ अगदी आईच्या वळणावर गेली आहे. पण बाई, सगळ्यात खोड काढायची आपल्या लोकांची सवय जाईना, म्हणून तर आपण मागे. मी वाचनालयात बसून संगणकावर तुमचा आराखडा पाहिला. चित्रातली खाडीकाठची ती बाग, तो बाक, डोळे निवले. खाली मत विचारलं होतं. मी 'पूर्ण पाठिंबा' लिहून पाठवला, मूळ रहिवासी म्हणून नावही दिलं.

पुढच्या वर्षी बेकरीच्या नोकरीतून सुटलो की येतोच. बाबांच्या नीरफणसाखाली खुर्ची टाकून समोरची बाग बघत बसेन. झाड नीट आहे ना?

रागावू नकोस, माया ठेव.
तुझा दादा


वाईनिदाली, २ एप्रिल २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झाड नीट आहे. तुझा बाक त्याच्याच जागी येणार आहे. चित्र परत बघ. खाडीचं वळण, डावीकडे चर्चचा कळस, म्हणजे ती जागा आपली. बाकावरचं ते गोरं जोडपं माझ्या चुलीवर बसलंय.

अहवाल छापून आला. वाईनिदालीच्या रहिवाशांनी अकराच्या अकरा प्रस्तावांना टाळ्या वाजवून एकमताने संमती दिली, असं त्यात लिहिलंय. अरे, करवंटी रिकामी केल्यावर द्यायच्या त्या तीन टाळ्या! त्या शहाण्याने त्याच मोजल्या. पाहुण्याचं पिऊन आपल्यात कुणी हात बांधून बसतं का? नेमानीकाका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. माझ्याच हातांनी मी गाव देऊन टाकलं, असं म्हणतात.

त्यांना फसवलं तरी. तुला कुणी फसवलं? चाळिसाव्या पानावर तुझं नाव आहे, पूर्ण पाठिंब्यासकट. एवढा शिकलेला तू, आणि बाबांच्या घराच्या जागी बाग मागितलीस. २९ तारखेला मंजुरीची सभा आहे. त्याआधी मत मागे घे.

लोभाचं नंतर बघू.
उनाईसी


ऑकलंड, १६ एप्रिल २०१९

चि. उनाईसीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

मत मागे घेतो म्हणून पालिकेला कळवलं. उत्तर आलं की मुदत संपली, पाच वर्षांनी फेरआढावा आहे, तेव्हा अवश्य सहभागी व्हा. सोबत आमची सेवा कशी वाटली म्हणून प्रश्नावली. चित्र मी पुन्हा पाहिलं. वळण तेच, कळस तोच. पहिल्यांदा मला आपलं घर नसलेलं दिसलंच नाही गं. फार लाज वाटते.

दादा


वाईनिदाली, ३ मे २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आराखडा मंजूर झाला. सभेआधी त्यांनी पालिकेच्या अंगणात काठवट मांडली होती, फोटो काढणारासुद्धा तयार. अध्यक्षांनी पहिली करवंटी नेमानीकाकांपुढे धरली. काकांनी घेतली नाही. आपल्यात कुणी पुढे आलेली करवंटी नाकारलेली मी जन्मात पाहिली नव्हती. काका हळू म्हणाले, "मागे माझ्या टाळ्या लिहून घेतल्यात. आज हे गप्प हात लिहून घ्या." चोवीस घरांतल्या एकाही माणसाने हात हलवला नाही. अध्यक्षांचा हात तसाच पुढे राहिला.

मग आत जाऊन त्यांनी एकमेकांसाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो, खाली मजकूर: रहिवाशांनी भारावलेल्या शांततेत आराखड्याचं स्वागत केलं. घ्या! यांच्यापुढे गप्प बसायचीही सोय नाही.

खाडीकाठचं काम दोन वर्षांनी सुरू करणार म्हणे. बाबांच्या झाडाच्या मुळांशी फुटलेली रोपं मी काढली आणि प्रत्येक दारात एकेक लावली. झाडाखाली बसायचं असेल तर पुढच्या वर्षीची वाट बघू नकोस, आत्ता ये. त्यांच्या कागदावर आपण नाही. जागेवर तरी दोघं असू.

लोभ असू दे. पाठिंबा पुरे झाला.
तुझी उनाईसी