वाक्यातली पायल

मारेगाव,
जुलै २००६

प्रिय पायलताई,

आपण कधी भेटलो नाही. तरी तुमच्याविषयी मला जितकं ठाऊक आहे, तितकं माझ्या सख्ख्या जावेविषयीही नाही. मी वर्षा, शाम राठोड यांची बायको. यवतमाळच्या कॉलेजात तुमच्या वर्गात होते, तेच शाम. आता सगळं गाव त्यांना सर म्हणतं. कापसाचे भाव कोसळल्यापासून जो तो आपलं पोरगं इंग्रजीला धाडतो, आणि इंग्रजीचा क्लास आमच्या पुढच्या खोलीत भरतो. मी पडद्यामागे, स्वयंपाकघरात.

वर्तमानकाळ चालू असतो तोवर घरात शांतता असते. भूतकाळ आला की तुम्ही येता. पूर्वीची सवय सांगायची तर ‘यूज्ड टू’ लावायचं म्हणे, आणि पूर्वीचं म्हटलं की सरांना दुसरं माणूसच आठवत नाही. पायल यूज्ड टू ब्रिंग जवस चटणी. पायल यूज्ड टू सिंग इन द बस. सर एकदा म्हणतात, मग सगळी पोरं घसा फोडून म्हणतात. इकडे माझी फोडणी करपते. जवसाची चटणी मी घरात करणंच बंद केलं आहे. हो, जळते मी. खोटं कशाला बोलू?

एकदा जेवताना विचारलंच, की माझं एखादं वाक्य का नाही. तर म्हणाले, “उदाहरण हाय ते, काहून जळून राह्यली? तुह्यं बी हाय ना.” आहे खरं. चालू वर्तमानकाळात. वर्षा इज कुकिंग. लग्नाला सात वर्षं झाली आणि नवऱ्याला माझ्याविषयी सांगण्यासारखं एवढंच सापडलं.

बरं, वाक्यं क्लासात राहिली असती तर गिळलं असतं. पण पोरं पाठांतर करत घरी जातात. शेजारच्या रुखमाबाईंचा नातू अंघोळ करतानाही तुम्हाला बसमध्ये गायला लावतो. परवा नळावर, चारचौघींत, रुखमाबाईंनी विचारलं, “वर्षे, हे पायल कोन व्हय वं? सरची बहीण हाय काय?” भरलेला हंडा मी कमरेवर घेतला. मग म्हटलं, हो, मानलेली बहीण, फार जीव आहे दोघांचा. तेव्हापासून आमच्या गल्लीत तुम्ही माझी नणंद आहात. सरांना हे अजून माहीत नाही.

आज सकाळी तुमच्याच वर्गातले बाबूसिंगभाऊ सांगून गेले, की तुमची इथल्या बँकेत बदली झाली आहे आणि येत्या एक तारखेला तुम्ही हजर होणार. ऐकल्यापासून सर आरशासमोर आहेत. रविवारी कधी दाढीला हात न लावणारा माणूस! तुमचा पत्ता मी बाबूसिंगभाऊंकडून हळूच मागून घेतला. ताई, गाव लहान आहे. तुम्ही आलात की अख्खी गल्ली तुम्हाला बघायला लोटणार. तेव्हा राखीपौर्णिमेला आधी आमच्याकडेच यायचं. रुखमाबाईंसकट सगळ्या बायांना मी त्या दिवशी जेवायला बोलावलं आहे. सरांसाठी पाट मांडून ठेवीन, ओवाळायचं ताट तयार ठेवीन. राखीसुद्धा मीच आणली आहे, चांगली ठसठशीत, लांबून दिसेल अशी. बांधायची तेवढी तुम्ही.

तुमचीच,
वर्षावहिनी