वारशास यावे

बेळगाव, ता. ९ फेब्रुवारी १९३८

ती. चंपाक्कास धाकट्या धरणेंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. बोरगावात तंबाखूची काढणी झाली असेल. दाजींचा खोकला कसा आहे ते कळव.

बारशाची पत्रिका तू परत पाठवलीस. ती घेऊन आलेल्या पायगोंडानं तुझे शब्दही जसेच्या तसे आणून दिले. "वारशाला बोलवाय लागलाय व्हय रं त्यो? पाच वर्सं तोंड न्हाय दावलं, आन् आता नक्षी काढून टोमणा मारतोय." मग मी भिंग घेऊन पत्रिका वाचली. 'बारशास अवश्य यावे' असं हवं तिथं 'वारशास' छापलंय. बाकीचे लोक हसले असतील. तू रडली असशील.

आक्का, टोमणा नव्हता गं. आमच्या छापखान्यात मुंबईहून एक नटवा टाइप आणलाय. त्याच्या उभ्या रेघा काडीएवढ्या जाड, नि तिरक्या रेघा केसासारख्या. आम्ही त्याला 'नवरी' म्हणतो. लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, निपाणीच्या विड्यांची लेबलं, एवढ्यालाच ती बाहेर निघते. कोर्टाच्या नोटिशीला मालक मारुतीराव तिला हात लावू देत नाहीत. नाजूक इतकी की जरा दाब जास्त झाला की बारीक रेघ मोडलीच. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर पोरगा झाला, म्हणून मी हौसेनं तीच मागून घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं.

या टाइपात 'ब' आणि 'व' यांत फरक तो काय, पोटातली एक केसाएवढी रेघ. छापून झाल्यावर खिळे परत पेटीत लावताना 'ब'च्या खणात 'व'चा खिळा पडला होता. मीच टाकला असणार. खरं सांगतो, ती रेघ मला दिसतच नाही. वर्षभर मी जाड रेघांवरून अंदाजानं वाचतोय. मालकांना कळलं तर घरी बसवतील, तेव्हा तू कुणाला बोलू नकोस.

बारसं मी थांबवलंय. शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या, "आत्या म्हणून मी हाय की." मी नको म्हटलं. पोर दीड महिन्याचं झालं, अजून बिननावाचंच आहे. नाव कोणतं ठेवायचं ते तूच ठरव.

आणखी एक लिहायचं आहे, ते सकाळपासून टाळतोय. आप्पांनी जाताना विहिरीकडचा तुकडा चंपाला द्या म्हणून सांगितलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी 'ऐकलं नाही' म्हणालो. आक्का, डोळे आत्ता गेले. कान तेव्हा चांगले होते.

म्हणून पत्रिका दुरुस्त करून पाठवत नाही. बारशास ये, नि वारशासही ये. तुकडा तुझ्या नावावर करून देतो, मग तू माझ्याशी बोल अगर बोलू नकोस.

तुझ्या वाटणीला आलेला एकुलता भाऊ,
धरणेंद्र